चतुर्थीच्या आधी तिसरा डोस

नारळी पौर्णिमा झाली, मासेमारी बंदी उठली आणि मालवणच्या बाजारात आता माटवीच्या सामानाची बोलणी सुरू झाली आहेत. चतुर्थी तोंडावर आली आहे. २०२० साली याच दिवसांत चाकरमान्यांनी चौदा दिवस विलगीकरणात राहायचं की दहा, यावरून गावोगावी वाद पेटले होते. यंदा सणावर कसलेही निर्बंध नाहीत. गाड्या भरून माणसं येतील, घराघरांत आरत्या होतील, रात्र रात्र भजनं रंगतील. हे व्हायलाच हवं. पण त्याआधी करण्याजोगं एक काम आहे आणि त्यासाठी हाताशी जेमतेम पंधरा दिवस आहेत.

ते काम म्हणजे बूस्टर डोस, सरकारी भाषेत प्रिकॉशन डोस. दवाखान्यात हा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘डॉक्टर, दोन घेतलंय मां, आता तिसरो कित्याक?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या घराच्या छपरावर आहे. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारावं लागतं. गेल्या वर्षीची शाकारणी वाईट झाली होती म्हणून नव्हे, तर वर्षभरात वाऱ्याने, माकडांनी चार कौलं सरकतात म्हणून. लशीचंही तसंच. दोन डोसांनंतर रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काही महिन्यांत कमी होत जातात. विषाणू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात, म्हणून सगळंच संरक्षण जात नाही. पण ओमायक्रॉनने रूप इतकं बदललं आहे, की उरलेल्या प्रतिपिंडांना तो पुष्कळदा चकवतो. तिसरा डोस त्या स्मृतिपेशींना जागं करतो आणि प्रतिपिंडं पुन्हा वाढतात. यात नवीन काही नाही. लहान मुलाला दीड वर्षाचं झाल्यावर आणि पुन्हा पाचव्या-सहाव्या वर्षी आपण त्रिगुणीचा बूस्टर देतोच. धनुर्वाताची सुई दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतेच. तेव्हा ‘कित्याक’ असं कोणी विचारत नाही.

बूस्टर घेतला म्हणजे कोरोना होणारच नाही, असं मी सांगणार नाही. तो होऊ शकतो. फायदा आहे तो आजार गंभीर न होण्याचा. विशीतल्या धडधाकट मुलासाठी हा फायदा लहान आहे. सत्तरीच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आजीसाठी तो फार मोठा आहे. आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत वर्षभर राहतात ती अशीच माणसं. मुलं मुंबईला, घरात आजी आणि आजोबा. ‘आता कोरोना म्हणजे साधी सर्दी’ हे वाक्य मुंबईहून येणाऱ्या तरुणाच्या बाबतीत बहुधा खरं ठरेल. दार उघडणाऱ्या आजोबांच्या बाबतीत ते खरं ठरेलच असं नाही.

साठीच्या पुढच्या सर्वांना हा डोस मार्च २०२२ पासून मोफत होता. अठरा ते एकोणसाठ वयोगटाला एप्रिल २०२२ पासून तो खासगी केंद्रावर विकत घ्यावा लागत होता, लशीचे २२५ रुपये आणि वर सेवाशुल्क. जुलै २०२२ च्या मध्यापर्यंत या वयातल्या देशभरातल्या सुमारे ७७ कोटी लोकांपैकी एक टक्क्यानेही तो घेतला नव्हता. १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत तो सर्वांना सरकारी केंद्रांवर मोफत होता. दुसऱ्या डोसानंतरचं अंतरही तेव्हा नऊ महिन्यांवरून सहावर आणलं होतं. नुकताच कोरोना होऊन गेला असेल तर मात्र बरं झाल्यावर तीन महिने थांबावं.

मग अडचण कुठे आहे? ती आळसाची आहे, तशी पोटाचीही आहे. डोसानंतर एखादा दिवस हात दुखतो, अंग मोडून येतं, कणकण येते. दोन महिने होडी किनाऱ्यावर ठेवलेला खलाशी मोसम सुरू होताच एक दिवस घरी कसा बसणार? त्याला ‘बेफिकीर’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा लस संध्याकाळी जेटीवर न्यावी. समुद्र खवळून होड्या परततात, त्या दिवशी शिबिर लावावं. बंदीचे दोन महिने यासाठी उत्तम होते. २०२२ साली त्यातले मोफत डोसाचे पंधरवडाभर दिवस आपण वाया घालवले, हे आरोग्य यंत्रणेने आणि गावच्या पुढाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. डोसानंतरचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. त्यापुढे राहिला तर ‘इंजेक्शनाचा ताप आसा’ म्हणून अंगावर काढू नका. हे दिवस लेप्टोचे आहेत. उंदरांच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यातून पायाच्या चिरांवाटे शरीरात शिरतात. तापाबरोबर पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लेप्टोवर लवकर औषध सुरू झालं तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत धोक्यात येतात. ‘दवाखान्यात गेलो तर कोरोनाची टेस्ट करतील’ या भीतीने दोन वर्षं लोकांनी ताप लपवले. ती सवय आता सोडायला हवी. २०१६ पासून दोडामार्गाने माकडतापात हाच धडा घेतला आहे: ताप कुठलाही असो, तो आधी दाखवायचा.

आणि केंद्रावर जालच, तर तिथेच रक्तदाब मोजून घ्या, साखर तपासा. टाळेबंदीत बंद पडलेली गोळी अनेकांनी अजून सुरू केलेली नाही. कोरोनात जास्त धोका असतो तो याच माणसांना.

डोसाचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. चतुर्थीपासून उलटे दिवस मोजा, म्हणजे याच आठवड्यात जायला हवं हे ध्यानात येईल. मुंबईकरांनीही तिकीट काढलं तसा डोस घेऊनच निघावं. सर्दी-खोकला असेल तर आजीला मिठी मारायची घाई करू नये. भजनाला पडवीची दारं-खिडक्या उघडी ठेवावीत. आरतीला टाळ कमी पडले तर शेजारून आणता येतात. आजीची जागा रिकामी राहिली तर ती कोण भरून काढणार?