गणराज्ये का बुडाली?

आपल्या मुलांना शाळेत प्राचीन भारताचा जो इतिहास शिकविला जातो, तो बहुतांशी राजांचा इतिहास असतो. बिंबिसार, अजातशत्रू, नंद, चंद्रगुप्त ही नावे मुलगा घडाघडा सांगतो. परंतु ज्या काळी बिंबिसार मगधावर राज्य करीत होता, त्याच काळी गंगेच्या उत्तरेस वज्जी, मल्ल, शाक्य, कोलिय असे अनेक गण एका राजाच्या हुकमाविना आपला कारभार पाहत होते, हे त्यास विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. पाली वाङ्मयात सोळा महाजनपदांची यादी आली आहे. तीत वज्जी आणि मल्ल ही गणराज्ये आहेत, आणि गोदावरीकाठचा अस्सक म्हणजे अश्मक देशही आहे. त्या यादीत विंध्याच्या दक्षिणेकडचे एवढे एकच नाव आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे अखेरचे मोठे भाषण केले, त्यात या गणांची आठवण त्यांनी मुद्दाम करून दिली. सभागृहाचे नियम भिक्खूसंघास ठाऊक होते आणि बुद्धाने ते तत्कालीन राजकीय सभांमधून घेतले असले पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. आमचे वक्ते हा भाग सभासंमेलनांतून मोठ्या अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्तच आहे. पण बाबासाहेबांनी त्याच भाषणात पुढे असेही विचारले होते की, ही लोकशाही भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावणार काय? हा प्रश्न मात्र टाळ्यांच्या गजरात मागे राहतो. गमावली ती का गमावली, हे पाहिल्यावाचून त्या प्रश्नास उत्तर देता येणार नाही.

गणाची सभा ज्या घरात भरे त्यास संथागार म्हणत. जातककथांत वैशालीच्या लिच्छवींचे ७,७०७ राजे सांगितले आहेत. आकडा कथेतला आहे, त्यावर शिरगणतीसारखा विश्वास ठेवू नये. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की सत्ता एका घरात नव्हती, अनेक क्षत्रिय कुळांत वाटलेली होती. मात्र ती त्या कुळांच्या पलीकडे गेलेली नव्हती. शेत नांगरणारे दास आणि कम्मकर यांना संथागारात आसन नव्हते. रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ते पेटले प्रथम शाक्यांच्या आणि कोलियांच्या बांधावरच्या मजुरांत. मग ते अमात्यांपर्यंत आणि शेवटी राजकुळांपर्यंत गेले. युद्ध करावे की नाही यावर शाक्यसंघाची सभा भरली, तीत सिद्धार्थाने एकट्याने विरोध केला आणि बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, असे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात लिहिले आहे. ज्या मजुरांची डोकी प्रथम फुटली, त्यांना मात्र त्या सभेत कोणी विचारले नाही.

शाक्यांचा शेवट कसा झाला, ती हकीकत पाली अट्ठकथेत आहे आणि आमच्या मते ती प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे. कोसलचा राजा पसेनदी याने शाक्यांकडे मुलगी मागितली. कुळाच्या अभिमानाने शाक्यांनी त्यास आपली मुलगी न देता महानाम शाक्यास दासीपासून झालेली वासभखत्तिया खरी शाक्यकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ मोठा झाल्यावर आजोळी आला. संथागारात त्याचे स्वागत झाले, आणि तो निघून गेल्यावर तो ज्या फळीवर बसला होता ती एका दासीकडून दुधाच्या पाण्याने धुवून घेण्यात आली! विसरलेले हत्यार नेण्यास परत आलेल्या एका शिपायाने ते पाहिले आणि ऐकले. पुढे विडूडभ राजा झाला आणि त्याने शाक्यांचा संहार केला. धुणारी बाईदेखील दासीच होती, हे ध्यानात घ्यावे. आपण उठल्यावर ओटा धुतला गेल्याचे ज्यांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

विडूडभाने केले ते न्याय्य होते असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच दाखवितो की, ज्या घरात मते मोजली जात, त्याच घरात फळी धुतली जात होती.

वज्जींचा नाश निराळ्या रीतीने झाला. वज्जी एकत्र जमतात, एकमताने उठतात, थोरांचे ऐकतात, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवंतांनी अजातशत्रूचा ब्राह्मण अमात्य वस्सकार याच्यापुढे सांगितले. अट्ठकथा म्हणते की वस्सकार त्यावरून जे शिकायचे ते शिकला. वैशालीत राहून त्याने लिच्छवींत एकमेकांविषयी संशय पेरला, आणि तीन वर्षांनी युद्धाचा नगारा वाजला तेव्हा कोणीही जमले नाही.

आता संघाकडे वळू. भगवंतांनी गणाची कार्यपद्धती घेतली आणि दार मात्र रुंद केले. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय हे शाक्य कुमार प्रव्रज्येस आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. त्यास आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांस त्यास वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. पुढे राजगृहास पहिली संगीती भरली, तेव्हा महाकस्सपाने विनयाचे प्रश्न विचारले ते या उपालीस. म्हणजे संघाच्या कायद्याचा अधिकारी पुरुष हजामत करणारा होता. आमच्या धंद्यातील माणसास या घटनेचे वाटते तेवढे नवल दुसऱ्या कोणास वाटेल की नाही कोण जाणे.

आणि तो कायदाही मोठा काटेकोर होता. आधी ठराव मांडावयाचा, मग तो वाचावयाचा आणि महत्त्वाच्या कामी तीनदा वाचावयाचा. ज्यास मान्य असेल त्याने स्वस्थ बसावे, नसेल त्याने बोलावे. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते घ्यावयाची. शलाका वाटणारा निवडलेला असे, आणि मतदान गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन रीतींनी होई. एकदा नीट निकाली निघालेला वाद पुन्हा उकरून काढणे हा दोष मानला जाई. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, १९०८ च्या, कलम ११ मागे जे तत्त्व आहे ते हेच. सभेतून निर्णयाच्या वेळी आपली संमती न देता उठून जाणे हाही दोषच.

अर्थात संघ पृथ्वीवरच होता. बिंबिसाराच्या तक्रारीनंतर राजाचे सैनिक, आणि पुढे कर्जदार व दास यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम करावे लागले. राजाची तलवार आणि सावकाराची वही यांच्यापुढे संघासही वाकावे लागले, ही गोष्ट लपवून आपल्या इतिहासाची शोभा वाढणार नाही.

विनयातील एक प्रसंग तर खास आपल्या बाजूचा आहे. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे. सोण कुटिकण्ण यास उपसंपदा देण्यासाठी दहा भिक्खू जमविण्यास महाकच्चायनास तीन वर्षे लागली. तेव्हा सोण श्रावस्तीस गेला आणि त्याने गुरूचा निरोप सांगितला: आमच्याकडे भिक्खू कमी आहेत, आणि आमची जमीन काळी, खरखरीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. भगवंतांनी सीमेवरच्या सर्व प्रदेशांसाठी गणपूर्ती दहावरून पाचांवर आणली, त्यांत एक विनयधर असावा एवढीच अट घातली, आणि जाड तळाच्या वहाणांची मोकळीक दिली. उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या काळ्या शिवारातून जो अनवाणी चालला आहे, त्यास या वहाणांचे मोल कळेल. नियम मोडला नाही, माणसे पाहून तो बदलला.

आपल्या शेजारी, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पूर्णेच्या खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. तेथे विटांचा स्तूप आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. सातवाहनकाळी येथे वस्ती होती, धम्म होता. हीच जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, आणि जिगाव आपल्या नांदुरा तालुक्यातले. पाणी शेतास हवे, याविषयी वाद नाही. पण कोणाचे घर उठते, पुनर्वसनाच्या यादीत कोणाचे नाव राहते, भूमिहीन मजुरास काय मिळते, हे प्रश्न रोहिणीच्या काठावर होते तेच आहेत. तेथे मजुरास आसन नव्हते. येथे आहे. २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचे मत एकसारखे मोजले जाते.

ते आसन रिकामे राहते ही आमची तक्रार आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या शेकडा १५ किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढीही माणसे न जमल्याने सभा तहकूब होते, आणि मग चार जण बसून इतिवृत्त लिहितात. आपल्या वस्तीतील माणसे मजुरी बुडेल म्हणून जात नाहीत, गेली तर दाराशी उभी राहतात, बायका तर बहुधा घरीच. आमच्या विहारांच्या समित्याही याहून फार बऱ्या नाहीत. ठराव वाचला जात नाही, विरोध करणाऱ्यास फुटीर ठरविले जाते, आणि महिला चहा करण्यापुरत्या आत येतात. कोणत्या पोटजातीचा अध्यक्ष व्हावा याची कुजबुज अजूनही कानी येते. धर्मांतरानंतर ही कुजबुज ऐकली की आम्हांस ती धुतलेली फळी आठवते.

म्हणून वाचक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. गावच्या ग्रामसभेची पुढील नोटीस लागेल, तेव्हा घरातील मतदार असलेल्या प्रत्येकाने, स्त्रियांनी आधी, त्या दिवशी जावे आणि बसावे. प्रश्न लेखी न्यावा, तो मोठ्याने वाचावा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. विहाराच्या समितीनेही महिन्याची सभा अशाच रीतीने चालवून पाहावी. एखाद्या तरुण मुलीस वही द्यावी आणि मागील सभेचे इतिवृत्त तिने सर्वांना वाचून दाखवावे.