जुईची कुंडी आणि भातशेतकऱ्याची सवय

भिवंडी तालुक्यात काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या बाजूस गेले असता भाताच्या खाचरांहून गोदामांची छपरेच अधिक दृष्टीस पडतात. मुंबईच्या जकातनाक्यांबाहेर जागा सोयीची, म्हणून व्यापाऱ्यांनी तेथे माल साठविण्यास आरंभ केला. ती जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली, पण गोदामे काही हलली नाहीत, उलट वाढतच गेली. जमिनी देऊन ज्या कुटुंबांनी इमारतींत बिऱ्हाडे थाटली, त्यांपैकी कित्येकांच्या घरच्या बायकामाणसांनी जुन्या पडवीपुढील मांडवावरची जुई कलम करून बरोबर आणली. त्या कुंडीविषयी आज आम्हास चार शब्द लिहावयाचे आहेत.

शेतकीच्या मासिकात कुंडीचे काय काम, असे काही सभासद विचारतील. आमचे म्हणणे असे की, ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली त्याच घरात ही वेल पहिल्या पावसाळ्यात मरावी, ही गोष्ट शेतकीचीच आहे. आणि तिचे कारण आळस नसून भाताची सवय हे आहे.

भातशेतकऱ्यास उभे पाणी पाहिले की समाधान वाटते. ते योग्यच आहे. भाताच्या रोपात पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ वाटा असतात, म्हणून चिखलात बुडूनही त्याची मुळे गुदमरत नाहीत. जुईस अशी सोय नाही. तिची मुळे मातीच्या कणांमधील हवेवर जगतात आणि ती जागा पाण्याने भरली की कुजू लागतात. मग पाने पिवळी पडतात. ती पाहून घरची मंडळी 'वेल सुकली' असे समजून आणखी एक तांब्या ओततात! पाण्यापूर्वी मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीखालची बशी आषाढ-श्रावणात तरी काढूनच ठेवावी. आपल्याकडील पावसाची झड सज्जात शिरते आणि बशीतून पाण्यास वाट मिळत नाही.

मातीचेही तसेच. खाचरातील काळी चिकण माती पाणी धरते म्हणूनच भातास प्रिय आहे. कुंडीत तीच विटेसारखी घट्ट बसते. दोन भाग तांबडी माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत व एक भाग जाड रेती असे मिश्रण घ्यावे. गिरणीवरील भाताचे तूस अर्धवट जाळून त्याचा काळा कोळसा थोडा मिसळल्यास माती मोकळी राहते, आणि त्यास पैसाही पडत नाही. कुंडी मातीचीच, निदान फूटभर रुंद व तितकीच खोल, तळाशी भोक असलेली असावी. चकचकीत प्लास्टिकच्या बिनभोकाच्या कुंड्या आम्हास मुळीच पसंत नाहीत.

युरियाचा मोह आवरावा. खाचरात तो पाण्याबरोबर पसरतो. कुंडीत मूठभर पडला की मुळे जळतात, आणि चिमूटभर वारंवार दिला तरी वेल नुसती पाल्याने माजते, कळी धरीत नाही. महिन्यास दोन मुठी गांडूळखत पुष्कळ झाले. उन्हाळ्यात लाल कोळी दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचे फवारे मारावेत.

'घरात ठेवण्याची वेल' या शब्दांनी मात्र पुष्कळांची फसगत होते. मनीप्लांट ही पॅसिफिक महासागरातील बेटांवरची वेल काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या कोपऱ्यातही हिरवी राहते; पण ती घरात सहसा फुलत नाही आणि तिच्याकडून कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. जुईस चार-पाच तास उघडे ऊन हवेच. ज्यांचा सज्जा उत्तरेस आहे किंवा पुढल्या इमारतीच्या सावलीत आहे, त्यांनी मनीप्लांटच लावावा. जुईचे हाल करू नयेत.

आता ज्या कामास बहुतेकांचे मन धजत नाही त्याविषयी. जुईची कळी नव्या फुटीवर येते. जुने लांब शेंडे सज्जाच्या गजांवर कितीही शोभिवंत दिसले तरी फुलांच्या दृष्टीने ते निकामी होत. म्हणून मार्गशीर्षापासून पाणी हळूहळू कमी करावे. बागाईतदार यास 'ताण देणे' म्हणतात. कुंडीतील माती थोडी असल्याने ताणही बेताचाच द्यावा. पाने गळू लागली म्हणजे पुरे, काड्या वाळू देऊ नयेत. नंतर जानेवारीच्या अखेरीस सर्व वेल जमिनीपासून हात-दीड हातावर छाटून टाकावी, वरची दोन बोटे माती उकरून नवे खत घालावे आणि पाणी पुन्हा चालू करावे. मोगऱ्याची छाटणी याआधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, जाईची डिसेंबरात. कात्री लावताना घरातून हरकत येईलच. 'इतकी वाढलेली वेल कापता काय?' असे विचारणाऱ्या आजीबाईंस वैशाखातील पहिल्या कळ्या दाखवाव्यात.

बाजाराचा विचारही ओघाने येतो. कुंडीतील फुलांवर कोणाचा संसार चालत नाही. घरच्या देवास व वेणीस ती पुरली म्हणजे झाले. परंतु पडघा, अनगावकडे ज्यांची जमीन अजून हातात आहे, त्यांनी पाण्याची सोय असल्यास वरकस जागेत एखादी ओळ लावून पाहण्यास हरकत नाही. जव्हार-विक्रमगडकडील आदिवासी शेतकरी मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात पाठवितात. तो भाग आपल्याहून मुंबईस दूर आहे. जुईची कळी संध्याकाळी उमलते, म्हणून विक्रीची कळी पहाटेसच खुडावी लागते, आणि तितकी माणसे घरात आहेत की नाहीत हे आधी मोजावे.

रोपवाटिकेत भर फुलावर आलेली कुंडी विकत मिळते, हे आम्ही जाणतो. तथापि ज्यांचे जुने घर अद्याप उभे आहे पण जमिनीचा सौदा ठरला आहे, त्यांनी पडवीपुढील वेलीकडे एकदा जाऊन यावे. मृगाचा पाऊस पडला की वर्षभराची एक फांदी वाकवून, पेराखाली साल किंचित खरवडून, तेथेच कुंडीतील मातीत चार बोटे दाबावी व वर दगड ठेवावा. तीन-चार महिन्यांत मुळे सुटतात. दिवाळीनंतर ती मूळ वेलीपासून तोडून घ्यावी. म्हणून घर पाडण्याची तारीख शक्य तर त्यापुढची ठरवावी.