खिशातला चाकू आणि कायद्याची मोजपट्टी

चाकूहल्ल्यांमुळे अस्वस्थ झालेली युरोपातील सरकारे चाकू बाळगण्यावरील निर्बंध कडक करीत असताना अमेरिकेतील न्यायालये व विधिमंडळे नेमक्या उलट दिशेने निघाली आहेत. रोजच्या वापराचे साधन आणि शस्त्र यांतील सीमारेषा कशावरून ठरवायची, हा या वादाचा गाभा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २३ ऑगस्टच्या रात्री जर्मनीतील सोलिंगेन शहरात, शहराच्या साडेसहाशेव्या वर्षाचा उत्सव सुरू असताना, एका हल्लेखोराने गर्दीतील लोकांवर चाकूने वार केले. तिघे ठार आणि आठ जण जखमी झाले. २७ ऑगस्टला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खटक्याचा चाकू जवळ बाळगण्यावरील राज्यातील बंदी घटनाबाह्य ठरविली. घडीचा चाकू हा देशाच्या स्थापनेच्या काळापासून सामान्य नागरिकांच्या खिशात वावरत आला आहे, खटक्याचा चाकू हा त्याचाच वंशज आहे आणि म्हणून त्याला शस्त्रबाळगणीच्या घटनादत्त हक्काचे संरक्षण आहे, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा सारांश होता.

सोलिंगेनमधील घटनेला एक दारुण योगायोग चिकटलेला आहे. हे शहर शतकानुशतके तलवारी, वस्तरे आणि चाकू घडविण्यासाठी ओळखले जाते. ‘सोलिंगेन’ ही मुद्रा कोणत्या पात्यावर उमटावी, यासाठी जर्मनीत १९३८ पासून स्वतंत्र कायदेशीर संरक्षण आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेली ‘बोकर’ ही खिशातल्या चाकूंसाठी नावाजलेली कंपनी याच शहरातील. हल्लेखोराला सप्टेंबर २०२५ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. परंतु त्याच्या कृत्याचे पडसाद त्याआधीच देशाच्या शस्त्र कायद्यात उमटले होते. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत सार्वजनिक उत्सव, क्रीडा सामने, जत्रा, बाजार आणि लांब पल्ल्याची रेल्वे येथे चाकू जवळ बाळगण्यास मनाई झाली, खटक्याच्या चाकूवरील निर्बंध वाढले आणि अशा जागी पोलिसांना विशिष्ट संशय नसतानाही झडती घेण्याची मुभा मिळाली.

या निर्बंधांची झळ ज्यांना प्रथम लागते, त्यांत दररोज खिशात चाकू बाळगणारे लोक येतात. सुतार, वीजतंत्री, शेतकरी, गिर्यारोहक, नावाडी अशांचा हा वर्ग जुनाच आहे. गेल्या तीन-चार दशकांत त्यात आणखी एका वर्गाची भर पडली आहे, ती म्हणजे उत्तम प्रतीच्या घडीच्या चाकूसाठी शेकडो डॉलर मोजणाऱ्यांची. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील ‘स्पायडर्को’ने १९८१ मध्ये खिशाच्या काठाला अडकविण्याची क्लिप आणि अंगठ्याने पाते उघडण्यासाठी पात्यालाच गोल छिद्र असलेला चाकू बाजारात आणला. त्यानंतर खिशातल्या चाकूचे स्वरूपच पालटले. मूळचे दक्षिण आफ्रिकेतील कारागीर ख्रिस रीव्ह हे १९८९ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झाले. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचे नाव ‘सेबेन्झा’. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. टायटॅनियमची मूठ, पोलादाच्या भुकटीपासून घडविलेल्या पोलादाचे पाते आणि केसाएवढीही फट न राहणारी जुळणी असलेल्या या चाकूची किंमत चारशे डॉलरच्या वर जाते.

एवढे मोल देणारा माणूस त्या चाकूने करतो काय? खोकी उघडतो, दोर कापतो, फळ चिरतो, पेन्सिलीला टोक करतो, तारेचे वेष्टन सोलतो. अर्थात ही कामे स्वस्तातला चाकूही करतो. महागड्या चाकूचे वेगळेपण प्रामुख्याने तीन गोष्टींत असते. त्याची धार दीर्घकाळ टिकते. दुसरा हात कामात गुंतलेला असताना तो एका हाताने उघडता येतो. आणि उघडलेले पाते आतल्या खिटीमुळे घट्ट अडकून राहते, जोर लावताना अचानक मिटून बोटांवर येत नाही. यांतील शेवटच्या दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी योजलेल्या आहेत. कायद्याची नजर मात्र नेमकी त्यांच्यावरच पडते.

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यान्वये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा खिशातला चाकू कोणतेही कारण न देता जवळ बाळगता येतो. तथापि पाते खिटीने अडकणारा चाकू हा या सवलतीपुरता ‘घडीचा चाकू’ मानता येणार नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. परिणामी बोटे वाचविणारी खिटी असलेल्या चाकूसाठी, त्याचे पाते कितीही लहान असले तरी, सबळ कारण सांगावे लागते. आणि ती नसलेला, हातात मिटू शकणारा चाकू निर्धोकपणे कायदेशीर ठरतो. जर्मनीतही २००८ पासून एका हाताने उघडणारा आणि अडकणारा चाकू विनाकारण जवळ बाळगण्यास मनाई आहे. साधन जितके सुघड, तितके ते संशयास्पद, असा हा विचित्र न्याय आहे.

या कायद्यांमागील भीती खोटी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. खिशात पाते असले की क्षणिक भांडणाचे रूपांतर खुनात होण्यास वेळ लागत नाही. पोलिसाला समोरच्याचे मन वाचता येत नाही. त्याला दिसते ती वस्तू. गुन्हा घडण्याआधी हस्तक्षेप करायचा तर वस्तूवर बोट ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु इंग्लंड व वेल्सच्या अधिकृत आकडेवारीनुसार धारदार शस्त्राने होणाऱ्या हत्यांत सर्वाधिक वापर स्वयंपाकघरातील सुरीचा होतो. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन मुलींचा बळी घेणाऱ्या तरुणाच्या हाती स्वयंपाकाची सुरीच होती आणि ती त्याने ऑनलाइन मागविली होती. खिशातल्या चाकूची खिटी मोजत बसणारा कायदा या वास्तवापासून बराच दूर उभा आहे.

वस्तूच्या रचनेवर बेतलेला कायदा संदिग्ध असला की काय घडते, याचा धडा न्यूयॉर्कने दिला आहे. तेथे १९५८ पासून, मनगटाच्या झटक्याने उघडणारा आणि उघडल्यावर अडकणारा चाकू बाळगणे हा गुन्हा होता. दुकानांत उघडपणे विकले जाणारे साधे घडीचे चाकूही पोलिसांनी या व्याख्येत बसविले. त्यांत कामावर जाणारे-येणारे कामगार सापडले. अटक झालेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे असल्याची टीका वर्षानुवर्षे होत राहिली. कामावर खोकी उघडण्यासाठी चाकू बाळगणाऱ्या एका स्वयंपाक्याला २०१३ मध्ये रेल्वे स्थानकात अटक झाली आणि त्याने या कायद्याला आव्हान दिले. आपल्याला झटक्याने न उघडता येणारा चाकू उद्या एखादा पोलीस उघडून दाखवील की नाही, हे नागरिकाने आधी ओळखायचे कसे, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. मार्च २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि मे अखेरीस राज्याने ती बंदीच मागे घेतली.

बाजारानेही या वाऱ्याची दिशा ओळखली आहे. स्वित्झर्लंडची ‘व्हिक्टोरिनॉक्स’ ही कंपनी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवू लागली. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतर विमानातून पाती हद्दपार झाली, तेव्हा तिच्या खिशातल्या चाकूंच्या विक्रीला मोठा फटका बसला होता. सहा सेंटिमीटरपर्यंतची पाती विमानात नेऊ देण्याचा अमेरिकी सुरक्षा यंत्रणेचा २०१३ मधील प्रस्ताव विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे बारगळला. मे २०२४ मध्ये या कंपनीच्या प्रमुखांनी पाते नसलेल्या खिसा-अवजारावर काम सुरू असल्याचे जाहीर केले. ज्या वस्तूची ओळखच पात्याने झाली, तिच्या निर्मात्याला पात्यावाचूनचा विचार करावा लागावा, यातच निर्बंधांचा रेटा किती आहे ते कळते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. पानाच्या चंचीतला अडकित्ता किंवा शेतकऱ्याच्या कमरेचा कोयता कोणाला कधी खटकला नाही. ‘रामपुरी’ने मात्र हिंदी चित्रपटांतून दहशतीचे वलय मिळविले. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. पण केवळ घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेले चाकू त्यातून वगळले आहेत. म्हणजे हेतूचा विचार येथे कायद्यातच अंतर्भूत आहे. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या वा खटक्याच्या, ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध घातले. ही लांबी म्हणजे ब्रिटनचे तेच तीन इंच. असा चाकू सापडल्याबद्दल दाखल झालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला. अधिसूचनेचा रोख निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी बाळगणे यांवर असताना आरोपपत्रात तसा हेतू नमूदच नव्हता, हे त्यामागील कारण होते. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकूबरोबर काठ्या-लाठ्याही येतात. त्यांची अंमलबजावणी सरसकट करायची म्हटले, तर वृद्धाच्या हातातील काठीही सुटणार नाही. ती सुटते, याचे कारण पोलिसाचे तारतम्य. मात्र तारतम्याची ही कृपा प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येत नाही. चारशे डॉलरचा चाकू बाळगणाऱ्याला वकील परवडतो. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला तो परवडत नाही.

म्हणूनच जर्मनीच्या नव्या कायद्यातील एक बाब बारकाईने पाहण्याजोगी आहे. चाकू जवळ बाळगण्याची कमाल लांबी बारा सेंटिमीटरवरून सहावर आणण्याचा प्रस्ताव त्या वर्षी तेथे चर्चेत होता. अखेर भर पडला तो लांबीवर नव्हे, तर जागेवर. गर्दीचा उत्सव आणि रानातील पायवाट यांत फरक करणे, व्यवसायासाठी चाकू नेणाऱ्यांना वगळणे आणि नियम सर्वांना आधी कळेल असा लिहिणे, या गोष्टी खिटी व खटक्याच्या व्याख्यांपेक्षा अधिक न्याय्य आहेत. त्यांची खरी कसोटी संशयाविना होणाऱ्या झडतीत लागेल. न्यूयॉर्कप्रमाणेच ती झडती ठरावीक चेहऱ्यांपुरती उरली, तर जागेचा निकषही तितकाच पक्षपाती ठरेल. कोणाच्या झडत्या झाल्या आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, याचा हिशेब जर्मन सरकारने जनतेपुढे ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यावाचून पात्याची भीती जाईल आणि पोलिसाची तेवढी उरेल.