व्याख्यान कोणाच्या सवडीने?

ग्रंथालयात लेखकाचे व्याख्यान ठरले की ते बहुधा सायंकाळी सहाचे ठरते. ही वेळ कोणाच्या सवडीची, हा प्रश्न मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहून आम्हांस पडतो. दुसऱ्या पाळीचा कामगार त्या वेळी यंत्रापुढे उभा असतो. पहिल्या पाळीचा घरी येऊन पाठ टेकतो. आणि आम्ही सुशिक्षित मंडळी रिकाम्या खुर्च्या मोजून म्हणतो, लोकांत वाचनाची आवडच उरली नाही!

वास्तविक अहिल्यानगरला ग्रंथालये नवी नाहीत. येथील जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. १९९७ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलनही येथे भरले होते. परंतु त्या परंपरेचा वाटा नागापूरच्या चाळींपर्यंत किती पोहोचला?

दोष केवळ संस्थाचालकांचा नव्हे. १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून अनुदानाची सोय केली. पण कर्नाटक वा तामिळनाडूप्रमाणे ग्रंथालय-उपकर बसविला नाही. त्यामुळे लहान ग्रंथालये सरकारी हप्त्याकडे डोळे लावून बसतात. वक्त्याचे प्रवासभाडे कोठून काढावे, हीच त्यांची विवंचना.

तरीही एक गोष्ट अल्प खर्चात होण्याजोगी आहे. कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी, नागापुरातच एखाद्या शाळेच्या वर्गात व्याख्यान ठेवावे आणि वक्त्याची पुस्तके तेथेच, अनामत न घेता, घरी नेण्यास द्यावीत. दोन-चार पुस्तके बुडतील. तो तोटा चालकांनी खुशाल खर्चात धरावा.