विभाग हलवा, पण एसटीचे वेळापत्रक पाहून

विद्यापीठात एखादा विभाग इकडून तिकडे हलवायची चर्चा निघाली की पहिला वाद 'कोणाची जागा कोणाला' यावर पेटतो. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. त्या विभागात शिकणारे पोर सकाळी कोणत्या गावाहून निघते आणि वर्गात किती वाजता पोचते?

आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे झाले. प्रा. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, तेव्हा साऱ्या खान्देशाचा ऊर भरून आला होता. जळगावजवळ बांभोरीला गिरणेच्या काठी सुमारे ६५० एकर जागा आहे. त्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर पाणी अडवून आणि झाडे लावून आजचा परिसर उभा राहिला. त्यामुळे जमीन अपुरी आहे, अशी तक्रार इथे कोणी करू शकणार नाही. पण जागा मुबलक असली की एक मोह होतो. नवा अभ्यासक्रम आला की नवी इमारत. मग त्या इमारतीवर विभागाचे नाव लागते आणि तिच्यातला सेमिनार हॉल कायमचा त्या विभागाचा होऊन बसतो. शेजारच्या विभागाला तो हवा असेल तर पत्र द्यायचे, सही आणायची, किल्ली शोधायची. एवढी यातायात करण्यापेक्षा आपलाच हॉल मागावा, असे कोणालाही वाटेल. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत हे असेच चालते.

इंग्लंडमधली विद्यापीठे यासाठी एक साधा हिशेब मांडतात. खोली आठवड्यातले किती तास वापरात असते, आणि त्या तासांत किती खुर्च्या भरलेल्या असतात? या दोन्हींचा गुणाकार करायचा. ६० जणांची खोली निम्मे तास वापरात असेल आणि त्या वेळी ३० विद्यार्थी बसत असतील, तर तिचा वापर २५ टक्केच झाला. हा हिशेब करायला सल्लागार नेमावा लागत नाही. वेळापत्रक, हजेरीपट आणि दोन आठवडे चक्कर मारणारा एक प्रामाणिक माणूस पुरे. कुलूप लावलेल्या खोल्यांत काय आहे, हेही त्याने पाहावे. मोडकी बाके, बंद पडलेले संगणक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. जडवस्तू नोंदवहीत नोंद आहे म्हणून आणि निर्लेखनाची सही कोणी करत नाही म्हणून चांगल्या खोल्या अडकून पडतात. आधी त्या मोकळ्या करा. पुष्कळदा विभाग हलवायची गरजच उरणार नाही.

आणि हलवायचाच झाला, तर सगळे विभाग सारखे नसतात. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उचलणे म्हणजे टेबलखुर्च्या टेम्पोत भरणे नव्हे. फ्युम हूडचे धुराडे छतापर्यंत न्यावे लागते, आम्ल वाहून नेणारी वेगळी मोरी लागते, गॅसच्या नळ्या नव्याने टाकाव्या लागतात. अचूक तराजूला जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकचा हादराही चालत नाही. क्ष-किरणांचे यंत्र हलवायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आड येतात. जीवशास्त्राकडे उणे ८० अंशांवर ठेवलेले नमुने असतात. वीज चार-सहा तास गेली आणि जनरेटर वेळेवर लागला नाही, तर एखाद्या संशोधकाची चार वर्षे वाया जातात. पीएच.डी.च्या मुलाला मुदतवाढ मागायला लागते, शिष्यवृत्ती मात्र वाढत नाही. म्हणून प्रयोगशाळा हलवताना आधी नवी जागा पूर्ण सज्ज हवी आणि मगच जुनी सोडायला हवी. या क्रमात घाई नको.

भाषा आणि समाजशास्त्रे यांचे सामान कमी. म्हणून हलवायची वेळ आली की पहिली नजर त्यांच्यावर जाते. मागच्या बाजूची, कँटीनपासून लांबची, वरच्या मजल्यावरची जागा त्यांच्या वाट्याला येते. हा अन्याय आहे, आणि तो थांबला पाहिजे. मराठी विभागाची ग्रंथसंपदा आणि तिथे पोरांनी घातलेला वाद हीच त्याची प्रयोगशाळा असते. शिवाय २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर विभागांनी एकमेकांजवळ असणे, म्हणजे मुलांना दुसऱ्या विभागातल्या तासाला सहज जाता येणे, आणखी गरजेचे झाले आहे. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो. त्या उन्हात एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर तासाला चालत जायला सांगणाऱ्याने एकदा स्वतः चालून पाहावे.

आता परिसराबाहेरचे. धुळ्याहून बांभोरी ८०-८५ किलोमीटर. पारोळा, एरंडोल, पाळधी करत एसटी येते. शहादा-तळोद्याकडचा विद्यार्थी नंदुरबारला किंवा दोंडाईचाला येऊन भुसावळकडे जाणारी गाडी पकडतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांचे तर विचारूच नका. त्यांना वसतिगृहाशिवाय पर्यायच नाही. तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठात जागेचा चांगला वापर म्हणजे बांभोरीतल्या खोल्यांची अदलाबदल एवढाच असू शकत नाही.

जागा बदलण्यामागे कारण हवे. मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विभाग फोर्टमधून कालिन्याला गेले, पण कायद्याचा विभाग हायकोर्टाशेजारी राहिला. याला अर्थ आहे. आपल्याकडेही तसा अर्थ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञानाचे केंद्र आहे. जुनी कागदपत्रे आणि मोडी वाचायला शिकणाऱ्या मुलांचे एक सत्र धुळ्यात का होऊ नये? पोथ्या जळगावला आणायच्या नाहीत. शिक्षक आणि विद्यार्थी तिकडे न्यायचे. यासाठी नवे भवन लागत नाही. दोन खोल्या, मंडळाशी करार आणि मुलांच्या राहण्याची सोय एवढे पुरते.

उलट बाजूही धुळ्यानेच पाहिली आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शहराबाहेर चक्करबर्डीला गेले. मोठी जागा मिळाली, ते गरजेचेच होते. पण गरोदर बाईला रात्री तिथवर नेणाऱ्या घराला रिक्षाचे भाडे पडते, आणि गावातल्या जुन्या रुग्णालयाची गरज काही संपली नाही. जळगावातही २०१८ मध्ये सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आता चिंचोलीला मेडिकल हबचे काम आहे. तिथवरच्या बसचा विचार इमारतीच्या नकाशाइतकाच आधी व्हावा.

माझी मागणी अधिसभेत बसणाऱ्या सदस्यांकडे आहे, विशेषतः धुळे-नंदुरबारहून निवडून जाणाऱ्यांकडे. पुढच्या अंदाजपत्रकात कुठल्याही नव्या भवनाची तरतूद आली, की आधी प्रत्येक खोलीच्या वापराचा हिशेब पटलावर मागा. तो मिळेपर्यंत त्या तरतुदीला मंजुरी देऊ नका.