जुहू विमानतळ हेलिकॉप्टर सेवेसाठी कायम राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आता जुहूची मोक्याची जागा धावपट्टीसाठी अडवून का ठेवावी, असा प्रश्न कोणीही विचारील. जुहू १९२८ पासूनचा तळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. मात्र आमची मागणी या पुण्याईवर उभी नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचे कर्मचारी चौदा दिवसांची पाळी करायला जातात ते जुहूहून, हेलिकॉप्टरने. सांताक्रूझ विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात; दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथे हा भार टाकणे परवडणारे नाही. नवी मुंबई विमानतळ खाडीपलीकडे, पंचवीसहून अधिक किलोमीटर पूर्वेला आहे. तळ तिकडे नेला तर समुद्राकडे जाणारे प्रत्येक उड्डाण लांबेल. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले आणि नऊपैकी चौघांचा जीव गेला. अशा प्रवासात अंतर वाढवणे शहाणपणाचे नाही.

जुहूमुळे इमारतींच्या उंचीवर बंधने येतात, पुनर्विकास रखडतो, ही रहिवाशांची तक्रार रास्त आहे. पण सांताक्रूझचा विमानतळ शेजारीच असल्याने जुहू बंद करूनही ही बंधने पूर्णपणे सुटणार नाहीत. कुलाब्यात नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहेच, असेही म्हटले जाईल. मे २०२१ च्या तौक्ते वादळात २६१ जण असलेला तेलकामगारांचा पी-३०५ तराफा बुडाला, तेव्हा नौदलाची जहाजे व हेलिकॉप्टरे धावून गेली. परंतु संकटात धावून जाणे वेगळे आणि कर्मचाऱ्यांची रोजची ने-आण वेगळी; लष्करी तळावर नागरी सेवेचा कायमचा बोजा टाकता येणार नाही.

सबब, जुहूची जमीन अन्य वापरासाठी देऊ नये व तसे लेखी जाहीर करावे. रुग्णवाहक हेलिकॉप्टरांना तेथे प्राधान्य द्यावे. आणि उंचीच्या बंधनांची फेरतपासणी करून जुहूमुळे नेमकी किती बंधने येतात हे रहिवाशांसमोर मांडावे, ही विनंती. याबाबतचा निर्णय लेखी कळवावा.

आपले विश्वासू,
मुंबईतील नागरिक