चेहरा सुजला, की वाकडा झाला? बृहन्महाराष्ट्र मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका



मे महिना लागला की न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटमधल्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे येऊन दाखल होतात. बॅगांतून मेतकूट, गोडा मसाला आणि सहा महिन्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उतरतात. हरणांच्या अंगावर पोसणाऱ्या गोचिडाची पिल्लंही याच सुमारास, मे ते जुलैत, सर्वांत जास्त हिंडत असतात. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. चावतात तेव्हा कळतही नाही. त्यांतली काही लाइम रोगाचा जंतू अंगात सोडतात. आपल्याकडे गुडघेदुखीपासून मृत्युपत्रापर्यंत सगळ्यावर व्याख्यानं होतात. या रोगावर मराठीत चार ओळी मात्र माझ्या पाहण्यात नाहीत.

हे लिहायला निमित्त एका परिचितांच्या घरचं. आजींचा चेहरा एका बाजूनं सुजल्यासारखा दिसू लागला. कुणी म्हणालं दाढ, कुणी म्हणालं ॲलर्जी. फोटो भारतात ओळखीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनाही दाढच वाटली, आणि नुसत्या फोटोवरून दुसरं काय वाटणार? दुसऱ्या दिवशी चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायला लागला, डावा डोळा मिटेना. म्हणजे सूज नव्हतीच. चेहऱ्याची नस लुळी पडून गाल ओघळला होता आणि बघणाऱ्यांना तो फुगल्यासारखा वाटत होता. इथल्या डॉक्टरांनी अंगावर चट्टा उठला होता का विचारलं, तेव्हा सुनेला आठवलं: गुडघ्यामागे तळहाताएवढा काळपट डाग होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतला नव्हता.

नुसता चेहरा सुजला की लाइमच, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सूज हे या रोगाचं ठळक लक्षण नव्हे. दाढेचं गळू, कीटकदंश, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉईडचा त्रास ही कारणं कितीतरी अधिक आढळतात. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी, त्या वर्षानुवर्षं चालू असल्या तरी, एखाद्या दिवशी ओठ-जीभ सुजू शकते. तेव्हा तर क्षणभरही थांबू नये. तोंड अचानक वाकडं झालं तर आधी पक्षाघात गृहीत धरून ९११ लावायचा. पक्षाघात की नुसती चेहऱ्याची नस लुळी, हे ओळखायला कपाळाला आठ्या पडतात का, ते घरी बसून तपासत राहायचं नाही. ते डॉक्टर बघतील. पण पक्षाघात नाही असं ठरल्यावर ‘अमेरिकेत कुठे राहता, बागेत बसता का, चट्टा होता का’ हे प्रश्न यायला हवेत. ते आले नाहीत आणि बेल्स पाल्सी (कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा) म्हणून नुसती स्टिरॉइडं चालू झाली, तर जंतू जागच्या जागी राहतो. त्याला डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक लागतं, आणि वेळेत मिळालं तर बहुतेक माणसं बरी होतात.

चट्ट्याबद्दलही आपली दिशाभूल होते. माहितीपत्रकांत गोऱ्या कातडीवरचं लालभडक वर्तुळ असतं, मध्ये नेमबाजीच्या फळ्यासारखा ठिपका. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा तपकिरी, जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो आणि मधला ठिपका नसतोही. चावल्यावर ३ ते ३० दिवसांत तो उठतो आणि हळूहळू पसरतो. काहींना उठतच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणीही निर्दोष येऊ शकते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही.

गोचीड आपल्या लोकांना नवा नाही. गोठ्यातल्या गाईच्या कानातला गोचीड रॉकेल लावून काढणारी पिढीच इथे येते, आणि दोडामार्ग-सत्तरीकडच्यांना गोचिडांमुळे येणारा माकडतापही ठाऊक आहे. पण इथली हिरवळ इतकी नीटनेटकी दिसते, की तिथे गोचीड असेल असं वाटत नाही. पालापाचोळ्याचा ढीग, झाडीला लागून असलेली कडा, आजोबांनी हौसेनं केलेला मेथीचा वाफा, या त्याच्या जागा. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची खळगी, कानामागे, केसांत बघावं. सापडला तर रॉकेल नको, जळती काडी नको. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. जंतू अंगात उतरायला सहसा २४ तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून रोजच्या पाहणीला अर्थ आहे. काढलेला गोचीड डबीत ठेवून डॉक्टरांना फोन करावा. गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत काहींना डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊन भागतं.

हा रोग मुळात ओळखला गेला तोही घरच्यांच्या चिकाटीमुळे. कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या पॉली मरे यांनी आपल्या मुलांची आणि शेजाऱ्यांची दुखणी वर्षानुवर्षं टिपून ठेवली होती. १९७५ साली त्या तक्रारी येल विद्यापीठातल्या ॲलन स्टिअर यांच्यापर्यंत पोहोचल्या, आणि पुढे १९८२ साली शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी जंतू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या रोगासाठी उपचार होतात, असा सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे.

तेव्हा विनंती अशी, की मंडळाच्या ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’च्या मे अंकात एक पान आणि ज्येष्ठांसाठीच्या ‘उत्तररंग’च्या कार्यक्रमांत थोडा वेळ या विषयाला द्यावा, सावळ्या त्वचेवरच्या चट्ट्यांच्या फोटोंसह. बिलाच्या धास्तीनं ‘परत गेल्यावर बघू’ म्हणणारे पालक आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून प्रवास-विम्यात अशा तपासण्या बसतात का तेही तुम्ही विमाकंपन्यांना विचारून छापावं. शिवाय परतणाऱ्यांच्या फाइलीत एक चिठ्ठी असावी: मुक्काम कुठल्या राज्यात, कुठल्या महिन्यांत, गोचीड किंवा चट्टा आढळला का. सांगलीच्या नाहीतर नागपूरच्या डॉक्टरांनी तेवढं वाचलं, तर पुढचं ते जाणतात. मजकूर तयार करायला आणि पूर्वेकडच्या मंडळांत वाटायला मी आनंदानं हातभार लावीन.



आपला,
न्यूजर्सीतला एक सभासद